सिस्टरबाईंनी न दाबलेली नोटीस

सिस्टरबाईंच्या मागच्या खोलीत छताच्या कडीला बाळांचं वजन करायचा काटा टांगलेला आहे. घड्याळासारखी तबकडी, खाली आकडा, आकड्याला कापडाची झोळी. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी सरकारी काटा सरकारला परत दिला, आणि लगेच नागपूरहून तसाच दुसरा स्वतःच्या पैशानं मागवला. या झोळीत त्या टोपल्यांची पार्सलं ठेवतात. तबकडीवरचा काटा थांबेपर्यंत श्वास रोखून धरतात. मग जाहीर करतात, "साडेतीन किलो. तब्येतीचं आहे." पार्सल हलकं निघालं की चेहरा पडतो. "कमी वजनाचं आहे वो हे. नीट गुंडाळा. दूर जायचं आहे त्याले."

त्यांच्याविषयी आमच्या आरमोरी गावात दोन गोष्टी सांगितल्या जातात. बाईंनी आयकराची नोटीस दाबून ठेवली होती, ही एक. मी त्यांना त्यातून सोडवलं, ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत. खोट्या आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. आता माझं वय झालं, ऑफिस बंद केलं. बाई कशा आहेत आणि काय घडलं, हे जसं आहे तसं सांगतो.

मला लोक वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही. दुकानदार, शिक्षक, भातगिरणीवाले यांचे आयकराचे रिटर्न भरून देणं हा माझा धंदा. आमच्याकडे सरकारी कागद भरून देणारा कोणीही वकीलच. माझं ऑफिस बाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं, म्हणजे त्या माझ्या घरमालकीण. जंगलाच्या गावांमध्ये नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. सायकलवर, नाले ओलांडत, लसीचा डबा खांद्याला. त्यामुळे माणूस समोर आला की तो आधी पेशंट, मग बाकी काय असेल ते. भाडं द्यायला उशीर झाला की दारात उभ्या राहून म्हणायच्या, "वकीलभाऊ, जीभ दाखवा." मी दाखवायचो. दुसरा इलाज नव्हता. जीभ पाहून त्या सांगायच्या, "पोट साफ नाई तुमचं. कायतरी दाबून ठेवलं आहे." आणि मी मुकाट्यानं भाडं काढून द्यायचो.

एकदा माझ्याकडे आलेल्या एका कापड दुकानदाराला त्यांनी जीभ दाखवायला लावली. तो विक्री कमी दाखवायच्या गोष्टी करत होता. जीभ पाहून बाई आत गेल्या आणि त्याच्यासाठी मीठसाखरेचं पाणी घेऊन आल्या. "प्या. खोटं बोलून बोलून कोरडी पडली आहे." तो परत आला नाही. माझा एक पक्षकार गेला आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

कर भरणं ही त्यांच्या लेखी अभिमानाची गोष्ट होती. हे आमच्या धंद्यात मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. माझ्यासमोर बसणारा प्रत्येक जण एकच विचारतो, कसा वाचेल. बाईंना नोकरीत असताना एका वर्षी पगाराची थकबाकी मिळाली आणि त्यातून पहिल्यांदा आयकर कापला गेला. बाकीच्या नर्सा कपाळाला हात लावून बसल्या. बाईंनी दवाखान्यात पेढे वाटले. मीच त्यांचा त्या वर्षीचा रिटर्न भरला होता, म्हणून मलाही मिळाला. पेढा हातात ठेवून म्हणाल्या, "माहा बाप नागपूरले पायी गेला होता दीक्षेले. वापस आला अन् आम्हा लेकरांले सांगतलं, आतापासून कोणापुढं हात पसरायचा नाई. पसरला नाई त नाई, पण द्यायसाठी हात पुढं करायची पाळी त्याच्या नशिबात आली नाई. माह्या आली."

निवृत्तीनंतर त्या घरी बसतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. कुरखेड्याच्या रस्त्यानं आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या बाया बांबूच्या टोपल्या, सुपं, परड्या विणतात. त्या बायांची बाळंतपणं बाईंनी केली होती. आठवडी बाजारात त्या टोपल्या मातीमोल जायच्या. बाईंची पुतणी पुण्याला असते. तिच्या घरी बाईंनी पाहिलं की आपल्याकडचं सूप भिंतीला टांगलं आहे आणि येणारे-जाणारे त्याची स्तुती करतायत. परत आल्या त्या मला म्हणाल्या, "पुण्याचे लोक सूप भिंतीले टांगतात जी. धान कायनं पाखडत असन?" आणि त्याच आठवड्यात पुतणीच्या मदतीनं त्यांनी एका मोठ्या वेबसाइटवर दुकान उघडलं.

टोपल्यांना बांबूचा किडा लागू नये म्हणून बाई त्यांना कडुनिंबाच्या पाण्यात बुडवून धूर देत. याला त्या लसीकरण म्हणायच्या आणि ते बुधवारीच करायच्या, कारण सरकारी लसीकरणाचा वार बुधवार. टोपलीचा फोटो काढताना ती सरळ बसली नाही तर तिला दटावायच्या. गिऱ्हाइकाच्या तक्रारींना स्वतः उत्तरं द्यायच्या. कोणा बाईनं लिहिलं, जोडीतल्या दोन टोपल्या एकसारख्या नाहीत. बाईंनी उलट लिहिलं, 'हातानं विणल्या आहेत. तुमच्या दोन भुवया एकसारख्या आहेत का, आरशात पाहून कळवा.' त्या गिऱ्हाइकानं एकच तारा दिला. बाईंनी तो तारा मला दाखवला. "खरं बोलल्याबद्दल भेटला आहे. राहू द्या."

पैसे वाटायची त्यांची रीत मात्र त्या गावाचीच होती. दुकान बाईंच्या नावावर, कारण पॅन कार्ड त्यांचं, बँक खातं त्यांचं, मोबाइलला रेंज आरमोरीलाच. विक्रीचे पैसे त्यांच्या खात्यात येत. गावच्या बाजाराच्या दिवशी त्या ते घेऊन जात आणि तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, पुडे मोजतात तसे, सगळ्यांच्या देखत, नाव पुकारून, रक्कम मोठ्यानं बोलून प्रत्येकीच्या हातात देत. सोबत गिऱ्हाइकानं काय लिहिलं तेही वाचून दाखवत.

"सोमारीबाई, बंगलोरची एक बाई म्हणते तुमच्या टोपलीत ती झाडाची कुंडी ठेवते."

"टोपलीत कुंडी?" सोमारीबाई म्हणाल्या. "आंगणात जागा नाई का तिच्या?"

"आंगणच नाई."

"मंग बिचारीले एक टोपली अजून पाठवा."

सही नाही, अंगठा नाही, पावती नाही. मी एकदा म्हटलं, बाई, काही लिहून तरी ठेवा. त्या म्हणाल्या, "जे साऱ्या बाजारानं ऐकलं ते पक्कं. कागद काय, एकटाच ऐकते." स्वतःसाठी त्या पॅकिंगचा खर्च तेवढा ठेवत. नफा म्हणून काही नाहीच.

पहिल्या वर्षी, जुलै महिन्यात, त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाहेर बाकावर लोक ताटकळत होते, रिटर्नची शेवटची तारीख जवळ आली होती.

"वकीलभाऊ, माहा रिटर्न भरायचा आहे. टोपल्यांचे पैसे माह्या नावानं आले आहेत. ते बायांचे आहेत. कसं लिहायचं?"

मी मान वर केली नाही. "टोपल्यांत तुम्हाला उरलं काय?"

"काहीच नाई."

"मग झालं. पेन्शन मर्यादेत, टोपल्यांत नफा नाही. जीएसटीचं मी भरतो आहे ना, तेवढं पुरे. कोण विचारतं टोपल्यांना. रिटर्न भरूच नका."

"पण नाव त माहंच आहे ना सगळ्यावर?"

"बाई, मी बसलो आहे ना."

त्या आत गेल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या कामाची फी मिळत नव्हती आणि बाकावर फी देणारे बसले होते. त्यांची पेन्शन तरी किती, त्या वर्षी त्यातही थकबाकी आली होती का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. पुढच्या वर्षीही तेच सांगितलं.

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. गावाकडच्या माणसाला ईमेल नसतो, म्हणून आम्ही त्याचं आयकराचं खातं उघडताना स्वतःचाच ईमेल टाकतो, फोन नंबरही स्वतःचाच. पेढ्यांच्या वर्षी बाईंचं खातं मी असंच उघडलं होतं. वेबसाइटनं त्यांच्या पॅनवर झालेली विक्री आयकर खात्याला कळवली. रिटर्न नाही, हे खात्याला दिसलं. खुलाशाची नोटीस निघाली आणि ती ईमेलनं आली, माझ्याकडे. माझ्या ईमेलमध्ये जाहिरातींचा आणि शेकडो पक्षकारांच्या सूचनांचा उकिरडा असतो. मी ती उघडली नाही. आणखी एक आली. तीही त्यातच पडून राहिली.

मग कागदाची आली, पोस्टानं. उत्तर न दिल्याबद्दल विचारणा, आणि सगळी विक्री बाईंचं उत्पन्न धरून कर का लावू नये, असा प्रश्न. पाकीट दारात उघडलं गेलं, शेजाऱ्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत चौकातल्या किराणा दुकानात बातमी पोचली. दुकानदार मलाच सांगायला लागला, "सिस्टरबाईनं नोटीस दाबली म्हणतात. आदिवासी बायांचे पैसे स्वतःच्या नावावर करून राह्यली होती. दिसते केवढी साधी." मी साखरेची पिशवी उचलली आणि निघालो. तिथेच एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

बाईंना मी खरं सांगितलं. तेवढं केलं.  मला वाटलं आता जीभ दाखवायला सांगतील. नाही सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "रोग कळला. आता औषध काय? बायांले घेऊन चंद्रपूरले जाऊ साहेबापुढं. बाया सांगतील, पैसे आमचे म्हणून."

मी समजावलं, आता साहेब समोर नसतो. कुठल्या शहरात कोण आपली केस वाचतो हेही कळत नाही. सगळं संगणकावर.

"तोंडच नाई त्या साहेबाले?"

"नाही."

"मंग त्याची जीभ पाहाची कशी?"

मी घाबरलेला होतो. घाबरलेला माणूस जे सुचवतो ते मी सुचवलं. मागच्या तारखांच्या पावत्या करू, त्यावर बायांचे अंगठे घेऊ, दरमहा पैसे दिल्याचं दाखवू. पैसे दिलेच होते, म्हणजे खोटं काही नाही, फक्त तारीख.

बाईंचा आवाज चढला नाही. "वकीलभाऊ, नोकरीत लसीचं टार्गेट असे. डोस संपला त मी 'संपला' लिहिलं. बाकीच्या 'दिला' लिहायच्या. मी वरून शिव्या खाल्ल्या, बदली खाल्ली. न दिलेला डोस दिला म्हणून कवा लिहिला नाई. आता म्हातारपणी लिहू?"

मग एकच रस्ता उरला. टोपल्यांचे पैसे आपले होते, असं प्रत्येक बाईनं स्वतःच्या नावानं शपथपत्रावर सांगायचं, आपापलं पॅन कार्ड काढायचं आणि आपापला रिटर्न भरायचा. त्यासाठी गावाला विचारायला हवं होतं. ते गाव कुठलीही गोष्ट ग्रामसभेत ठरवतं. जंगलातला बांबू कधी तोडायचा इथपासून कोणाच्या लग्नात किती दिवस जेवण, इथपर्यंत.

आम्ही काळीपिवळी जीपनं गेलो. गोटुलाच्या मांडवात, म्हणजे गाव जिथे बैठकीला बसतं तिथे, सगळे जमले होते. बाया एका बाजूला. बाईंनी उभं राहून नोटीस काय आहे ते सांगितलं, काही लपवलं नाही. बायांनी हो म्हटलं नाही तर सगळा कर त्यांना भरावा लागेल, तेही सांगितलं. त्यात त्यांची कित्येक महिन्यांची पेन्शन गेली असती. पण त्याहून मोठं म्हणजे, कर एकदा भरला की कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं की ते पैसे बाईंचे होते, आणि चौकातला दुकानदार बरोबर होता.

 मग मागून एक आवाज आला, "सरकारले सांगतलं पैसे आमचे त रेशन कटते म्हणतात."

"योजनेचे पैसेबी बंद होतात."

"घरकुलाच्या यादीतून नाव जाते."

हे सगळं चूक होतं. कर भरणं वेगळं आणि रिटर्न भरणं वेगळं. त्या बायांच्या मिळकतीवर एक पैसा कर लागत नव्हता आणि शून्याचा रिटर्न भरल्यानं कोणाचं रेशन जात नाही. हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. मी उठलो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, साहेब, एवढं माहीत होतं तर आधी का नाही भरला. मी बसून राहिलो.

ग्रामसभेच्या अध्यक्षानं विचारलं, "बाई, रिटर्न नका भरू म्हणून तुमाले सांगतलं कोण?"

"कोण सांगन?" बाई म्हणाल्या. "डोस्कं माहं, चूकबी माही." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "अन् ऐका. ज्यायले भेव वाटते त्यायनं नका येऊ. भेव वाटणं काही पाप नाई. मी भरते एकटी."

तेव्हा सोमारीबाई उठल्या. आधी गोंडीत काहीतरी बायांना बोलल्या. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बाई, माहे तिन्ही लेकरं तुमच्या हातानं झाले. नाळ तुमी कापली. तवा कागदावर आईचं नाव कोणाचं लिवलं?"

"तुमचं."

"तुमचं काऊन नाई लिवलं? हात त तुमचा होता."

बाईंनी हातातल्या नोटिशीची घडी घातली. 

"लेकरू माहं त नाव माहं," सोमारीबाई म्हणाल्या. "मंग टोपली मी विणली, तिच्यावर तुमचं नाव कायले? तुमी आमाले न विचारता आमच्या टोपल्यायची आई झाल्या, ही चूक आहे तुमची. दुसरी नाई. माहं नाव लिवा. रेशन गेलं त जाऊ द्या, जंगल काही गेलं नाई."

खाली बसलेल्यांत कोणीतरी हसलं. एक बाई उठून सोमारीबाईंच्या शेजारी उभी राहिली. मग दुसरी. मग त्यांच्यात बोलणी सुरू झाली, एकमेकींना कोपरानं ढोसणं सुरू झालं, "ऊठ वो, दर टोपलीले भाव मांगासाठी त उठत होतीस," आणि बघता बघता बायांची बाजू उभी होती. त्यानंतर मी उठलो आणि रेशन कटत नाही हे सांगितलं. शौर्य संपल्यावर मी माहिती पुरवली.

परतताना काळीपिवळीत मी बाईंना म्हणालो, "माझं नाव घ्यायला हवं होतं तुम्ही."

"घेतलं असतं. पण मंग त्या बायायनं तुमच्या हातून कागद भरले असते का? डॉक्टर चुकला म्हणून दवाखान्यात वरडलं की पेशंट मांत्रिकाकडे जाते. आधी पेशंट. तुमचं मंग पाहू."

मला तेव्हा वाटलं, त्या मला माफ करतायत. त्या फक्त क्रम लावत होत्या.

शपथपत्रं झाली, पॅन कार्डं आली. या वेळी प्रत्येकीच्या खात्यात फोन नंबर तिचा किंवा तिच्या घरचाच टाकायचा, हा बाईंचा हुकूम होता. बिनतोंडाच्या साहेबानं सगळं वाचलं आणि मान्य केलं. टोपल्यांचे पैसे बायांचे ठरले. बाईंच्या पेन्शनवर थकबाकीमुळे थोडा कर निघाला आणि उशिराचं शुल्क. ते माझ्या संगणकावरून भरताना त्या माझ्यामागे उभ्या होत्या. झालं म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. "झालं? कोणी शिक्काबी मारला नाई?" थोड्या हिरमुसल्याच.

त्यानंतर दर जुलैला, आता माझं ऑफिस बंद झालं तरी, त्या गावच्या बाया आरमोरीला येतात. बाई त्यांना रांगेत बसवतात, दंडाला सुई टोचायची असावी तशा. शून्याचा रिटर्न असला तरी प्रत्येकीनं बटण स्वतः दाबायचं. पहिल्या वर्षी बुधनीनं आधी बोट पदराला पुसलं. दाबून झाल्यावर तिनं विचारलं, "आता सरकारले माहं नाव माहीत झालं?" मी हो म्हटलं. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत राहिली, जणू तेही आता तिला ओळखत असावेत. पुढे त्याच रिटर्नच्या जोरावर तिच्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी बँकेनं कर्ज दिलं, आणि बँकेतला माणूस मला म्हणाला, एवढे स्वच्छ कागद माझ्याकडे दुकानदारांचे येत नाहीत. चाळीसेक वर्षांच्या धंद्यात मी ज्या कामाचा अभिमान धरावा ते हे एवढंच, आणि ते माझं नव्हतं.

मागच्या वर्षी व्यापाऱ्यांनी माझा सत्कार ठेवला. भाषण करणारा म्हणाला, जंगलातल्या आदिवासी भगिनींना यांनी करदात्यांच्या पंक्तीत बसवलं. तिथवर मी खाली पाहत होतो. मग तो म्हणाला, एका जवळच्या व्यक्तीनं नोटीस दाबून केलेला घोळही यांनी मोठ्या मनानं निस्तरला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे सिस्टरबाई बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत होत्या. मी शाल घेतली, नारळ घेतला, आभार मानले.

सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्या एका परडीला कडुनिंबाच्या पाण्यात बुडवत होत्या.

"बाई, काल तुम्ही टाळ्या का वाजवल्या?"

"तुमच्यासाठी नाई वाजवल्या. त्यानं बायांले करदात्या म्हटलं ना, माईकवर? तवा वाजवल्या. अन् मंग थांबता आलं नाई, लोकं पाहून राह्यले होते."

"मला सांगायचं आहे की ती नोटीस..."

"मले कायले सांगता? मले त पहिल्या दिवशी सांगतलं. ज्याले माहीत नाई त्याले सांगा." परडी निथळवून त्यांनी ती दोरीवर टांगली. "चला. पेशंट बरे झाले आता. तुमचं पाहू."

पुढच्या बैठकीच्या दिवशी आम्ही गोटुलाच्या मांडवात होतो. मी उभा राहून सगळं सांगितलं. रिटर्न भरू नका हा सल्ला माझा, नोटीस माझ्याकडे पडून होती, रेशनचं उत्तर मला माहीत होतं आणि मी बसून होतो. शालीचंही सांगितलं.  कोणी बस म्हणेना, म्हणून उभाच राहिलो.

सोमारीबाईंनी विचारलं, "हे तुमाले तवाच माहीत होतं?"

"हो."

"मंग लय उशीर झाला, साहेब."

अध्यक्ष म्हणाला, "उशिराचा दंड लागते, असं तुमीच आमाले शिकवलं." मांडव हसला. पण त्या गावात दंड ही हसायची गोष्ट नाही. ग्रामसभेपुढे चूक कबूल केली की दंड बसतो, तो भरला की माणूस पुन्हा पंक्तीला बसू शकतो. एका म्हाताऱ्यानं बोकड सुचवला. बऱ्याच माना हलल्या.

"बोकड नको," सिस्टरबाई म्हणाल्या. "बोकड खाल्ला की सकाळी विसरतात."

"बोकड पाह्यजेच," म्हातारा म्हणाला.

यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. बोकड द्यायचा. शिवाय इथे जे बोललो ते आरमोरीच्या लोकांना वाचता येईल असं छापून आणायचं, कारण सोमारीबाईंचं म्हणणं पडलं की बाईची बदनामी आरमोरीत झाली, मग गोटुलात कबूल करून काय उपयोग. बोकड त्याच आठवड्यात दिला. दुसरा दंड हा भरतो आहे.

सिस्टरबाईंचं नाव यात नाही, कारण त्यांनी टाकू दिलं नाही. मी म्हटलं, बाई, तुमचं नाव साफ करायलाच तर लिहायचं आहे. त्या म्हणाल्या, "आरमोरीत मले कोण ओळखत नाई? नाव त्यायचं लिहा ज्यायले कोणी ओळखत नाई. अन् ज्या उठल्या त्याच क्रमानं लिहा, मांगंपुढं करू नका." माझं नाव शेवटी लिहू का, असं विचारलं, कारण उठलो तर मीही होतो. "तुमचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं लय ठिकाणी आहे."

तर त्या दिवशी, रेशन जाईल असं वाटत असताना, टोपली आमची आहे असं सांगायला गोटुलात उभ्या राहिल्या आणि आज आयकर खात्याला स्वतःच्या नावानं हिशेब देतात त्या बाया या: सोमारीबाई, बुधनी, जैनी, रैजी, झुनकी, सुकारो, पार्वता, मैनी, आणि एका हातानं काठी टेकत उठलेली लच्छी म्हातारी.